आतून आलेला हात

पडद्यावर अचानक मन्नूबिया आली आणि शाद्लीच्या हातातलं सूर्यफुलाच्या बियांचं पुडकं मांडीवर उपडं झालं. तिसऱ्या मजल्याची बाल्कनी, तिचा रंग उडालेला निळा कठडा, कठड्यावर वाळत घातलेला टॉवेल, आणि टॉवेलाच्या वर कमरेपासून बाहेर वाकलेली ती. अंगात घरातला फुलाफुलांचा झगा, केस सुटलेले, तोंड उघडं. खाली गल्लीत पळणाऱ्या, खोकणाऱ्या लोकांना ती काहीतरी ओरडून सांगत होती. काय ते ऐकू येत नव्हतं, कारण दिग्दर्शिकेने त्या सगळ्या भागावर एक उदास तंतुवाद्य वाजवत ठेवलं होतं. ती नुसतंच तोंड हलवत होती. मग तिच्या पाठीमागच्या अंधाऱ्या खोलीतून एक हात आला. पुरुषाचा, तपकिरी लोकरी बाहीतला. त्याने खांद्याजवळचा झगा मुठीत पकडला आणि तिला सरळ आत ओढलं. बाल्कनी रिकामी झाली, टॉवेल तेवढा हलत राहिला, आणि सगळं थिएटर खो खो हसलं. शाद्ली हसला नाही. तीन वर्षांपूर्वी जल्लाझच्या कब्रस्तानात आपण जिला पुरून आलो ती आपली बायको अशी भर दुपारी चारशे लोकांसमोर उभी राहते, आणि तिला पुन्हा एकदा ओढून नेणारा हात आपलाच असतो, हे दोन्ही एकदम त्याच्या अंगावर आलं. पडद्यावर तोवर दुसरं काहीतरी सुरू झालं होतं. मंत्रालयासमोरची गर्दी, तिच्या तोंडी ते एकच वाक्य, चालता हो, चालता हो. उरलेला चित्रपट त्याला दिसला नाही. तो अंधारात एकेक करून मांडीवरच्या बिया वेचत बसला.

ट्युनिसमध्ये चित्रपट संपला म्हणजे चित्रपट संपला असं होत नाही. दिवे लागले की चर्चा सुरू होते, माइक हातोहात फिरतो, आणि प्रश्न विचारायला उठलेला माणूस प्रश्न सोडून बाकी सगळं बोलतो. त्यातून हा माहितीपट त्या जानेवारीतल्या दिवसाचा, म्हणजे ज्या दिवशी तेवीस वर्षं राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीला चिकटून बसलेला माणूस दुपारपर्यंत हुकूम सोडत होता आणि संध्याकाळी विमानात बसून पळाला त्या दिवसाचा. अशा चित्रपटावर गप्प बसेल तो ट्युनिसी कसला? लाल मफलर गुंडाळलेला एक तरुण उभा राहिला. "मित्रांनो, तो हात कुणा नवऱ्याबिवऱ्याचा समजू नका. तो हात म्हणजे सरकार आहे. तेवीस वर्षं आपल्याला बाल्कनीतून आत ओढणारं सरकार!" टाळ्या पडल्या. लगेच मागून एक धिप्पाड वकीलबाई उठल्या. "सरकारला कशाला मोठेपणा देताय? नवऱ्याचाच हात आहे तो. आमच्या प्रत्येकीच्या घरात असा एक हात पाळलेला आहे." आता तर लोकांनी शिट्ट्या मारल्या. मंचावर बसलेली दिग्दर्शिका, सिरीन नावाची तिशीतली कृश मुलगी, माइक ओठांशी धरून म्हणाली, "म्हणून तर मी तिथेच कापलं. त्या हातानंतर आणखी काही दाखवायची गरजच उरत नाही." शाद्लीने खाली पाहिलं. अंगात तोच तपकिरी स्वेटर होता, फक्त कोपराला ठिगळ लागलेलं. त्याने उजवा हात हळूच खिशात घातला. शेजारच्या बाई त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "पाहिलंत ना काका, कसं ओढलंन् मेल्याने!"

"हो ना," शाद्ली म्हणाला. "मेलाच तो."

बाहेर हमरस्त्यावर दिवस कलला होता आणि फायकसच्या झाडांत साळुंक्या कलकलत होत्या. नोव्हेंबरात त्या येतात आणि सगळा रस्ता डोक्यावर घेतात. खालून जाणारा माणूस वर्तमानपत्र डोक्यावर धरून चालतो. शाद्लीजवळ वर्तमानपत्र नव्हतं. तो तसाच चालला. चाळीस पावलांवर आपली गल्ली आहे हे पायांना ठाऊक होतं, म्हणून पाय चालत होते. घाबरट हा शब्द त्याने स्वतःबद्दल कधी वापरला नव्हता. तो स्वतःला सावध म्हणायचा. उभा जन्म त्याने शाळेत भूगोल शिकवला, आणि भूगोल त्याने निवडलाच मुळी ह्यासाठी की नद्यांना पक्ष नसतो. प्रत्येक वर्गात एखादा तरी पोरगा असा असायचा ज्याचा बाप सत्ताधाऱ्यांच्या कचेरीत बसायचा, आणि तो पोरगा कुठल्या बाकावर बसतो हे शाद्लीला पहिल्या आठवड्यात कळायचं. वारे, पाऊस, खनिजं, लोकसंख्या. लोकसंख्येवर आला की तो जरा भरभर शिकवायचा. घरीसुद्धा भाकरीचा भाव वाढला एवढं म्हणायचं झालं तरी तो आधी उठून मोरीतला नळ सोडायचा, म्हणजे पाण्याच्या आवाजात बोलणं बुडून जाईल. मन्नूबिया हसून हसून लोळायची. "मास्तर, बंद कर तो नळ. आपल्या भेंडीच्या रश्शात काय पडलंय हे ऐकायला कोण बसलंय तिकडे?" ती त्याला मास्तरच म्हणायची. लग्नाआधीपासून म्हणायची. त्याचं नाव ती फक्त भांडताना घ्यायची, त्यामुळे त्याला स्वतःचं नाव ऐकलं की अजून थोडं दचकायला व्हायचं.

त्या दिवशी सकाळीच त्याने खिडक्यांच्या फळ्या लावून घेतल्या होत्या. हमरस्त्यावरून येणारा आवाज फळ्यांतून गाळून येत होता, आणि गाळून आल्यामुळे तो जास्तच मोठा वाटत होता. तो खुर्चीत बसला होता, जोडे घालून. जोडे का घातले होते ते त्याला तेव्हाही सांगता आलं नसतं. मन्नूबिया स्वयंपाकघरात आणि बाहेर अशा येरझाऱ्या घालत होती. दुपारनंतर अश्रुधूर आला. फळ्यांच्या फटीतून आला, दाराखालून आला, डोळ्यांत तिखट चोळल्यासारखं झालं, आणि खाली गल्लीत पळणारे पाय, पडणारे, उठणारे, खोकणारे, कुणीतरी आईच्या नावाने हाका मारणारं. मन्नूबियाने बाल्कनीचं दार उघडलं. उघडू नको असं तो म्हणाला का? म्हणाला असेल. ती बाहेर गेली आणि वाकली आणि ओरडायला लागली, आणि त्याला एकदम समोरच्या गच्च्या दिसल्या. गच्च्यांवर बंदूकवाले बसलेत असं सकाळपासून लोक बोलत होते. तो उठला आणि त्याने तिला आत ओढलं. एवढं त्याला लख्ख आठवत होतं. मुठीत आलेलं कापड, ते कुठेतरी उसवल्याचा आवाज, आत आल्यावर तिने त्याच्याकडे पाहिलं ते पाहणं. आणि पुढे? पुढे जे होतं ते त्याने इतक्यांदा सांगितलं होतं की त्या सांगण्याखाली काय होतं ते त्याला आता दिसत नव्हतं.

सांगितलं होतं ते असं: मग मीही बाहेर गेलो. आम्ही दोघं बाल्कनीत खांद्याला खांदा लावून उभे राहिलो. मीही ओरडलो, चालता हो. पहिल्यांदा हे त्याने त्याच संध्याकाळी फोनवर लुब्नाला सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी तेव्हा मोनास्तिरला दातांच्या डॉक्टरकीचं शिकत होती आणि रस्ते बंद असल्यामुळे घरी येऊ शकत नव्हती. "तुम्ही पण, बाबा? तुम्ही?" असं ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा कापला की शाद्लीला त्या कापण्यासाठी आणखी दोन वाक्यं घालावीशी वाटली. त्याने ती घातली. नंतर लुब्नाच्या लग्नात सांगितलं, रमजानात उपास सोडताना व्याह्यांना सांगितलं, नातवाला मांडीवर घेऊन सांगितलं. ह्यात तो एकटा नव्हता. त्या दिवशी हमरस्त्यावर होतो म्हणणारे सगळे खरोखरच तिथे असते तर गर्दी पार कार्थाजच्या समुद्रात पडली असती. फरक इतकाच की बाकीच्यांच्या थापांना साक्षीदार नव्हता, आणि त्याचा साक्षीदार दरवेळी समोर बसून सगळ्यांना चहा ओतत असायचा. मन्नूबियाने एकदाही त्याला खोडलं नाही. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. त्याचं वाक्य संपलं की ती त्याच्याकडे बघायची, थोडं हसायची, आणि त्याच्या पेल्यात चिलगोज्याचे चार दाणे जास्तीचे टाकायची. त्या हसण्याचा अर्थ काय ते तो कधी विचारू शकला नाही. आधी वाटायचं विचारायला पुष्कळ वेळ आहे. मग तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठ काढली, गाठीबरोबर आवाज गेला, आणि शेवटचं वर्ष तिने चुटक्या वाजवून त्याला हाका मारण्यात काढलं. मूक बाईला असलं काही विचारणं म्हणजे तिला छळणंच झालं असतं.

आणि तिचा आवाजच तर त्याच्याकडून हरवला होता. ती गेल्यावर काही महिन्यांनी त्याच्या हे लक्षात आलं आणि तो बाजारात मधोमध उभा राहिला. शब्द आठवत होते. बंद कर तो नळ, मास्तर, मीठ बघ जरा. पण ते त्याच्याच आवाजात आठवत होते. फोनमध्ये तिचे फोटो भरपूर होते, बोलणं एकही नव्हतं. निरोप बोलून ठेवायची तिला लाज वाटायची. आज पडद्यावर तिचं तोंड उघडलेलं दिसलं तेव्हा पहिल्या क्षणी, लाज वाटण्याच्याही आधी, त्याला राग आला होता तो त्या तंतुवाद्याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुब्नाचा फोन आला. ती मार्साला राहायची, समुद्राजवळ, तिथेच तिचा दवाखाना होता. तिने तोच चित्रपट आदल्या दिवशी तिकडच्या थिएटरात पाहिला होता.

"बाबा, आई आहे! बाबा, तुम्हाला सांगते, आई आहे त्यात! तो फुलाफुलांचा झगा!" ती रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं. "मी ओरडलेच थिएटरात. लोक माझ्याकडे बघायला लागले."

"हो का," शाद्ली म्हणाला.

"आणि तो हात कुणाचा हो? कुणीतरी आईला आत ओढतं. तुम्ही तर तिच्या बाजूला उभे होतात ना? तुम्ही फ्रेमच्या बाहेर असणार. मग आत कोण होतं?"

शाद्लीने खिडकीबाहेर पाहिलं. खाली लबलाबीवाला चण्यांच्या पातेल्यावरचं झाकण काढत होता. खरं बोलायला ही वेळ काही वाईट नव्हती. सकाळ होती, फोन होता, तोंड दिसत नव्हतं.

"नबील असेल," तो म्हणाला. "वरच्या मजल्यावरचा. त्या दिवशी आपल्याकडेच येऊन बसला होता. भित्रा होता तो."

"नबीलकाका? ते कॅनडात गेले ते? मेला कसा ओढतो, बाबा! माझ्या आईला!" मग ती एकदम उत्साहात आली. "पण ऐका. ज्या अर्थी तिला एवढं टिपलंय, त्या अर्थी पुढचंही टिपलं असणार. तुमच्या दोघांचं! ह्या लोकांकडे तासन् तास पडलेलं असतं आणि त्यातलं चिमूटभर चित्रपटात घेतात. मी त्या सिरीनला शोधून काढते. आईचा आवाजही असेल बाबा त्यात, तिचा खरा आवाज."

शाद्लीने फोन ठेवला. त्याला एवढं मात्र स्पष्ट दिसत होतं की मन्नूबियाचा आवाज आणि त्याची थाप ही दोन्ही एकाच चित्रफितीत आहेत. एक ऐकायचं तर दुसरी उघडी पडणार. मुलगी हौसेने त्याचा हात धरून त्याला तिथे नेणार, आणि पडद्यावर रिकामी बाल्कनी दाखवणार. दुपारी तो बाल्कनीच्या उंबऱ्यावर जाऊन उभा राहिला. डोक्याला आठवत नाही तर अंगाला तरी आठवेल अशी त्याची समजूत. त्याने हात पुढे केला, मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. पाय पुढे टाकायचा प्रयत्न केला, टाकलाही, आणि बाहेर आल्यावर त्याला नक्की करता येईना की हे आत्ता पहिल्यांदा येतोय की तेव्हाही आलो होतो. बाल्कनीत तो गेली कितीतरी वर्षं कपडे वाळत घालायला येत होता, त्या सगळ्या येण्यांनी त्या एका येण्याची किंवा न येण्याची खूणच पुसली होती. समोरच्या इमारतीतल्या म्हातारीला वाटलं तो आपल्याला हात करतोय. तिने उलट हात केला. शाद्लीला मग तिच्याशी हवेबद्दल चार शब्द बोलावे लागले.

शनिवारी सकाळी लुब्ना गाडी घेऊन आली. ताप आलाय म्हणून सांगायचं त्याने ठरवलं होतं, पण ती दारात उभी राहिली ती केसांना रंग लावून, कानांत आईची कर्णफुलं घालून, जणू कुणाच्या साखरपुड्याला निघालीय. हातात कैरवानच्या मक्रूद मिठाईचा डबा, सिरीनला द्यायला. ताप तोंडातच राहिला. गाडीत ती एकटीच बोलत होती. नातवाच्या शाळेत त्या क्रांतीवर काहीतरी लिहून आणायला सांगितलंय, त्याने आजी-आजोबांच्या बाल्कनीवर लिहिलंय, चित्रसुद्धा काढलंय, आजोबांचं तोंड जरा फारच मोठं काढलंय. शाद्ली सिग्नलचे दिवे पाहत राहिला. त्याला वाटलं गाडी कुठेतरी बंद पडावी. लुब्नाच्या गाड्या कधी बंद पडत नसत, ती वेळच्या वेळी तेल बदलायची. ती वळणाने आईवर गेली होती.

सिरीनचं काम करायचं ठिकाण म्हणजे लाफायेत भागातल्या एका जुन्या फ्लॅटची मागची खोली होती. पडदे ओढलेले, भिंतीला लागून यंत्रं, टेबलावर कॉफीचे रिकामे कप. ती मोजे घालूनच फिरत होती. मंचावर होती त्यापेक्षा इथे ती लहान दिसली. "बसा काका. पसारा बघू नका. एक आधीच सांगते हं, वाईट वाटून घेऊ नका. चित्रपट लागल्यापासून रोज कोण ना कोण येतंय. कोण म्हणतो तो झेंडेवाला मीच, कोण म्हणतो तो जखमी पोराला उचलणारा मीच. त्या एका उचलणाऱ्याचे आत्तापर्यंत तिघं झाले."

"माझे बाबा तसले नाहीत," लुब्ना म्हणाली. "त्यांची तर बाल्कनीच आहे."

सिरीन हसली. समोरच्या इमारतीच्या जिन्यात अडकलेल्या एका विद्यार्थ्याने खिडकीतून हे टिपलं होतं, ती सांगत होती, आणि आता तो फ्रान्समध्ये मार्सेला नोकरी करतो, जाताना सगळं तिच्या हवाली करून गेला. गल्ली अरुंद, त्यामुळे आवाजही चांगला आलाय. पण चित्रपटात तिथे संगीत हवं होतं म्हणून तिने मूळ आवाज बंद ठेवला, स्वतःही धड ऐकला नाही. "लावू?" असं म्हणून तिने लावलंच.

खोकला. काच फुटल्याचा आवाज. लांबून येणारा तो ओळखीचा गजर. आणि ह्या सगळ्यावरून, थोडा घोगरा, वाक्याच्या शेवटी बिझर्तेकडचा हेल काढणारा आवाज: "डोळ्यांना पाणी लावू नका रे! लिंबू देते, थांबा! अगं ए निळ्या कोटवाली, चोळू नको डोळे, आंधळी होशील!"  असाच होता. अगदी असाच होता आणि आपण तो कसा विसरलो? हा आवाज रोज सकाळी ह्याच हेलात त्याला उठवायचा. लुब्नाने तोंडावर हात धरला होता आणि तिच्या बोटांवरून पाणी वाहत होतं. मग तपकिरी बाही आली, मूठ आली, "अरे सोड!" असं अर्धवट ऐकू आलं आणि बाल्कनी रिकामी झाली.

"हा बघा नबील," लुब्ना नाक ओढत म्हणाली. "आता पुढे बघू."

"थांबव," शाद्ली म्हणाला. सिरीनने थांबवलं. पडद्यावर टॉवेल अर्धवट उडालेला राहिला. शाद्लीने उजवा हात खिशातून काढून टेबलावर ठेवला, कपांच्या मध्ये, कारण कुठेतरी ठेवायलाच हवा होता. "नबील त्या दिवशी घरात नव्हताच. तो हात माझा आहे. आणि पुढे आम्ही दोघं दिसणार नाही, लुब्ना. मी बाहेर आलो नव्हतो. म्हणजे मला वाटतं, नव्हतो आलो."

"वाटतं म्हणजे?"

"आता मलाच माहीत नाही. तुला त्या संध्याकाळी फोनवर सांगितलं, तू खूश झालीस, मग सांगतच गेलो. सांगून सांगून खरं काय ते झिजून गेलं. पण आलो असतो तर लक्षात राहिलं असतं गं. माणूस असं विसरत नाही."

 लुब्ना कानातलं कर्णफूल चाचपत होती, तिची लहानपणापासूनची सवय. "मी लग्नात सगळ्यांना सांगितलं," ती शेवटी म्हणाली. "पोराने चित्र काढलं. आणि आई? आईला माहीत होतं?"

"तिच्या समोरच तर सांगायचो."

"आणि ती गप्प बसायची?"

"चहा ओतायची."

सिरीनला काय करावं ते कळेना. तिने मक्रूदचा डबा उघडला आणि पुन्हा बंद केला. "काका," ती हळूच म्हणाली, "ह्या हातावर हक्क सांगायला आलेले तुम्ही पहिलेच आहात." लुब्नाला ह्यावर हसू आलं, तिला यायला नको होतं तरी आलं, आणि ते आल्यामुळे ती आणखीच चिडली. "लावा पुढे," ती म्हणाली. "जे असेल ते बघते. रिकामी तर रिकामी."

रिकामीच होती. बराच वेळ रिकामी होती. खालून एकजण ओरडत गेला, एक कुत्रं भुंकत राहिलं, टॉवेल वाऱ्याने घसरून खाली पडला. शाद्लीला ती बाल्कनी बघवत नव्हती, पण मान वळवणं म्हणजे पुन्हा आत जाऊन बसणं झालं असतं, म्हणून तो बघत राहिला. मग मन्नूबिया बाहेर आली. तिच्या हातात दोरी बांधलेली टोपली होती, भाजीवाल्याकडे सोडायची ती, आणि तीत चिरलेली लिंबं. तिने टोपली कठड्यावरून सोडली. दोरी पुरेना. ती वाकली, आणखी वाकली, चवड्यांवर उभी राहिली, आणि त्याच क्षणी आतून पुन्हा ती बाही आली आणि मुठीने तिच्या कमरेचा पट्टा पकडला.

"हे मी पाहिलं होतं," सिरीन घाईने म्हणाली. "मला वाटलं परत ओढतोय. एकदा दाखवलं तेवढं पुरे म्हणून मी…"

तेवढ्यात मन्नूबियाने मान न वळवता खांद्यावरून मागे म्हटलं, अगदी जवळ, अगदी स्पष्ट: "मास्तर, ओढू नकोस. नुसतं धर."

आणि आतून एक पुरुषी आवाज आला, भीतीने चिरकलेला, रडवेला म्हणावा असा. "धरलंय. धरलंय गं मी. लवकर कर."

मन्नूबिया हसली. मग ती इतकी वाकली की तिचे पाय जमिनीवरून सुटले. कुणीही शहाणं माणूस इतकं वाकलं नसतं. तिचा सगळा भार त्या मुठीवर आला, बाही ताणली गेली, कोपरापर्यंतचा हात उन्हात आला आणि तिथेच थांबला. त्याच्यापुढे तो आला नाही. खाली निळ्या कोटवालीने टोपली पकडली, "अल्ला तुझे हात राखो" असं कुणीतरी ओरडलं, दोरी सैल पडली. तोवर ती मूठ सुटली नव्हती. दोरी वर ओढून झाली तरी सुटली नव्हती. मन्नूबियाने शेवटी तिच्यावर चापट मारली, "अरे झालं, सोड आता," तेव्हा ती सुटली.

 शाद्लीला अजूनही हे आठवत नव्हतं. पडद्यावर घडून गेलं तरी आठवत नव्हतं. त्या वेळी त्याने बहुधा डोळे गच्च मिटलेले असणार. पण त्या हसण्याचा आणि चिलगोज्यांचा अर्थ त्याला आता विचारावा लागणार नव्हता. तो दरवेळी मी हिच्या बाजूला उभा होतो म्हणायचा, आणि ज्या बाईचे पाय अधांतरी होते तिला त्यात खोडण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

"कोपरापर्यंत आला होतात, बाबा," लुब्ना म्हणाली.

"हो. पुढे नाही जमलं."

सिरीन खुर्चीत पुढे सरकली. तिचा चेहरा उतरला होता. "काका, मी चुकले. मी हे चित्रपटात घालते. पुढच्या आठवड्यात स्फाक्सला खेळ आहे, त्याच्या आत. ते ओढतानाचं काढून टाकते आणि हे घालते."

"हे घाल," शाद्ली म्हणाला. "पण ओढतानाचं काढू नकोस. तेही मीच केलंय."

"लोक हसतील."

"हसू देत. तिलाही हसूच यायचं." त्याने टेबलावरचा हात उचलला, काय करावं ते न कळून पुन्हा तिथेच ठेवला. "एकदा परत लाव, पोरी. तिचं बोलणं येतं तिथून."

सिरीनने परत लावलं. ह्या वेळी शाद्लीने पडद्याकडे पाहिलं नाही. तो डोळे मिटून बसला, मन्नूबिया म्हणाली ओढू नकोस, नुसतं धर, आणि आपला हात लुब्नाने केव्हाचा धरून ठेवला आहे हे त्याला जरा उशिराने कळलं.